माशाच्या आतड्याची साक्ष कोणाच्या बाजूची?

"मासा मासाच खातो. त्याला पेंड चारा, किडे चारा, यीस्ट चारा, आतडं सुजणारच." मत्स्यशेतीबद्दल कुठेही चार माणसं बोलू लागली की हे वाक्य हल्ली येतंच. पाठोपाठ पुरावा म्हणून नॉर्वेच्या सालमनचं नाव येतं. सोयाबीन खाऊन सालमनचं आतडं सुजलं, हे शास्त्रज्ञांनीच दाखवून दिलं आहे. तेव्हा शाश्वत खाद्याचं खूळ सोडा आणि मुकाट्याने फिशमील, म्हणजे मासळी वाळवून दळलेली पूड, वापरा, असा हा युक्तिवाद. त्यातला पुरावा खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे, आणि ज्या किनाऱ्यावर तारली-बांगड्यावर गरिबाचं ताट चालतं, तिथे तो गरिबालाच महाग पडणारा आहे.

आधी पुरावा नीट पाहू, कारण तो सांगणारे बहुतेक जण अर्ध्यावरच थांबतात.

सालमन हा मांसाहारी मासा. त्याचं आतडं आखूड, आणि पिष्टमय पदार्थ पचवण्याची त्याची ताकद बेताची. त्याच्या खाद्यात सोयाबीनची तेल काढलेली पेंड, म्हणजे आपल्या बाजारातली 'डीओसी', मिसळली तेव्हा आतड्याच्या शेवटच्या भागात दाह आढळला. १९९१ पासून याची वर्णनं मिळतात. १९९६ मध्ये नॉर्वेच्या ग्रेते बेवरफ्योर आणि ओशिल्ड क्रोगदाल यांनी त्याचं जे सविस्तर चित्र मांडलं, ते आजही आधार मानलं जातं. निरोगी सालमनच्या आतड्याला आतून उंच, नाजूक घड्या असतात. अन्नरस शोषला जातो तो तिथे. सोयापेंड खाणाऱ्या माशात या घड्या आखूड झाल्या, पेशींच्या आतल्या पोकळ्या नाहीशा झाल्या, खालचा थर जाड झाला आणि त्यात दाहाच्या पेशींची गर्दी झाली. सूक्ष्मदर्शकाखाली हे चित्र पाहिलं तर कोणाच्याही लक्षात येईल की हा मासा आतून बरा नाही. यात वाद नाही.

पण त्याच शोधनिबंधात पुढचंही लिहिलं आहे. पेंड बंद करून त्याच माशांना पुन्हा फिशमीलचं खाद्य दिलं, तर काही आठवड्यांत आतडं पूर्ववत झालं. म्हणजे हा व्रण कायमचा नव्हता. खाद्यातली कुठली तरी एक गोष्ट दाह पेटवत होती आणि ती काढली की दाह विझत होता. मग खरा प्रश्न उरतो तो असा, की ती गोष्ट कोणती? 'वनस्पती' हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. पोट दुखलं की "जेवणामुळे दुखलं" असं म्हणण्यासारखं ते आहे.

उत्तर शोधायला वर्षं लागली. सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक रसाला अडवणारे पदार्थ असतात. पहिला संशय त्यांच्यावर गेला. पण ते उष्णतेने निकामी होतात, आणि नीट भाजलेली पेंड देऊनही दाह होतच राहिला. शेवटी बोट स्थिरावलं ते सॅपोनिनवर. उष्णतेला सॅपोनिन दाद देत नाही.

सॅपोनिन हे नाव परकं वाटेल, वस्तू परकी नाही. रिठा पाण्यात चोळला की फेस येतो तो सॅपोनिनचा. आणि तळ्यात मासे वाढवणारा माणूस तर सॅपोनिनला चांगलाच ओळखतो, भले तो हे नाव घेत नसेल. बीज सोडण्याआधी तळ्यातले नको असलेले मासे मारायला मोहाची पेंड टाकतात. मीटरभर खोल पाण्याच्या हेक्टरी तळ्याला साधारण २,५०० किलो, म्हणजे २५० पीपीएम. पेंडीतलं सॅपोनिन कल्ल्यांवाटे रक्तात शिरतं, तांबड्या पेशी फुटतात आणि मासे उलटे होऊन वर येतात. दोन-तीन आठवड्यांत विष उतरतं. मग तीच पेंड तळ्याला खत म्हणून कामी येते आणि त्याच पाण्यात शेतकरी नवं बीज सोडतो. शेंगदाण्याचीही पेंडच असते, ती तो माशांना रोज खायला घालतो. एक पेंड मारायला, दुसरी वाढवायला. दोन्ही वनस्पतीच्याच. "पेंडीने मासे मरतात" असं त्याला कोणी सांगितलं तर तो पहिल्यांदा विचारेल, "कुठल्या पेंडीने?" नॉर्वेच्या सालमनचा दाखला देणाऱ्यांना मला हाच प्रश्न विचारायचा आहे. पाण्यात कल्ल्यांवाटे होणारा परिणाम आणि खाद्यातून आतड्यावर होणारा परिणाम यांत फरक आहे, हे मान्य. पण द्रव्य त्याच घराण्यातलं आहे, आणि धडाही तोच: पेंडीत काय आहे ते बघा.

नॉर्वेने ते बघितलं. सोयापेंड अल्कोहोलने धुतली की सॅपोनिन निघून जातं, न पचणाऱ्या काही शर्कराही जातात आणि प्रथिनांचं प्रमाण वाढतं. या धुतलेल्या सोया प्रथिनाने सालमनच्या आतड्यात तो दाह होत नाही. १९९० मध्ये नॉर्वेच्या सालमन-खाद्यात जवळपास ९० टक्के भाग समुद्रातून येत होता: फिशमील ६५ टक्के आणि माशाचं तेल २४ टक्के. २०२० मध्ये समुद्राचा वाटा २२.४ टक्क्यांवर आला होता, आणि एकट्या धुतलेल्या सोया प्रथिनाचा वाटा सुमारे २१ टक्के होता. या तीस वर्षांत नॉर्वेचं सालमनचं उत्पादन दीड लाख टनांच्या आसपासून तेरा-चौदा लाख टनांवर गेलं. सोयाबीनने सालमन संपतो हे खरं असतं, तर ज्या देशात ते सिद्ध झालं असं आपल्याला सांगितलं जातं, त्याच देशात हे घडलं नसतं.

इथे समोरचा पक्ष दुसरं पान टाकतो, आणि ते अधिक वजनाचं आहे. "दाह नसेल, पण नॉर्वेच्या माशांच्या आतड्यात चरबी साठते त्याचं काय?"

साठते. आतड्याच्या सुरुवातीला सालमनला बोटांसारख्या बारीक पिशव्यांचा झुबका असतो. वनस्पतिजन्य खाद्य खाणाऱ्या माशांत या पिशव्या पांढुरक्या, फुगलेल्या दिसू लागल्या. चरबी शोषली जात होती, पण पेशींमधून पुढे रक्तात जात नव्हती. तिथेच अडकून पडत होती. प्रसंगी न पचलेल्या चरबीमुळे माशांची विष्ठा पाण्यावर तरंगायची. मत्स्यशेती करणाऱ्याला वाटलं, बघा, सोया पुन्हा नडलं.

पण या वेळी दोष सोयातल्या कुठल्या द्रव्याचा नव्हता. चरबीची वाहतूक करायला शरीराला कोलीन लागतं. फिशमीलमध्ये ते भरपूर असतं, वनस्पतींच्या प्रथिनांत कमी. फिशमील जसजसं कमी होत गेलं तसतसं कोलीनही गुपचूप कमी होत गेलं, आणि कोणाच्या ध्यानातच आलं नाही, कारण फिशमीलच्या काळात कोलीन वेगळं मोजायची कधी गरजच पडली नव्हती. क्रोगदाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाद्यात कोलीन वाढवून पाहिलं आणि चरबीचं साठणं थांबलं. मला या सगळ्या कथेतला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिल्या वेळी जे असायला नको ते खाद्यात होतं. दुसऱ्या वेळी जे असायला हवं ते नव्हतं. दोन्ही वेळा आतड्याने खरं सांगितलं, आणि दोन्ही वेळा उपाय मिळाला तो आतडं उघडून पाहणाऱ्यांना. "फिशमीलकडे परत चला" असं त्या आतड्याने एकदाही म्हटलं नाही.

'निसर्गा'चा दाखला तर मला मुळीच पटत नाही. "किडे हे काय माशाचं अन्न आहे?" असं विचारणाऱ्यांनी नदीतल्या सालमनच्या पिलाकडे एकदा पाहावं. समुद्रात उतरण्यापूर्वीचं त्याचं बालपण नदीच्या थंड पाण्यात जातं आणि तिथे ते पोट भरतं ते मुख्यतः पाणकिड्यांवर. पिंजऱ्यातल्या सालमनला मिळणारी पेरूच्या किनाऱ्यावरच्या अँकोव्हीची वाळवून दळलेली पूड मात्र त्याच्या कुठल्याही पूर्वजाने कधी चाखलेली नव्हती. युरोपीय संघाने जुलै २०१७ पासून मत्स्यखाद्यात किड्यांच्या प्रथिनाला परवानगी दिली. त्यानंतर ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांवर बरेच प्रयोग झाले. खाऱ्या पाण्यातल्या सालमनच्या खाद्यातलं सगळं फिशमील काढून अळ्यांची पूड घातली, तरी वाढ घटली नाही. त्या खाद्यात मुळात फिशमीलच थोडं होतं, हेही सांगायला हवं. आणखी एक गोष्ट दिसली: अळ्यांची पूड खाणाऱ्या माशांत पिशव्यांमधलं चरबीचं साठणं उलट कमी होतं.

आणि सालमनचं आतडं म्हणजे साऱ्या माशांचं आतडं, हे तरी कोणी ठरवलं? आपल्याकडे तळ्यात असतात रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, गवत्या. या कार्प कुळातल्या माशांना जठरच नसतं. घशातून थेट आतडं सुरू होतं. रोहूचं आतडं त्याच्या अंगाच्या लांबीच्या अनेक पट, दोरीच्या वेटोळ्यासारखं पोटात गुंडाळलेलं असतं. रोहू कापणाऱ्या प्रत्येक बाईने ते पाहिलेलं आहे. असं आतडं वनस्पती पचवायलाच घडलं आहे. सायप्रिनसवर सोयापेंडीचा प्रयोग झाला तेव्हा त्यालाही आधी दाह झाला, पण चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून, तेच खाद्य चालू असताना, तो आपोआप ओसरू लागला. सालमनला जे जमलं नाही ते सायप्रिनसला जमलं. भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड यांवर पिढ्यानपिढ्या वाढलेल्या आपल्या तळ्यांना सालमनची भीती घालणं म्हणजे मांजराला दूध पचत नाही म्हणून वासराचं दूध तोडणं.

आता फिशमीलकडे वळू. या युक्तिवादात ते अगदी निष्पाप, शुद्ध, निसर्गदत्त अन्न म्हणून वावरतं. ज्याने हलक्या दर्जाच्या फिशमीलचं पोतं उघडलं आहे तो असं म्हणणार नाही. वाळू आणि मीठ ही त्याची जुनी दुखणी आहेत. मासळी किनाऱ्यावर उन्हात पडून राहिली की तिच्यात हिस्टामिन तयार होतं. भुकटी करताना ती फार तापली तर गिझेरोसिन नावाचं द्रव्य बनतं; ते कोंबडीच्या पोटात गेलं की तिची जठरपिशवी आतून झिजते, आणि पोल्ट्रीवाल्यांना ही व्याधी चांगली ठाऊक आहे. जुन्या फिशमीलमधलं तेल खवट होतं ते वेगळंच. असं फिशमील खाऊन आतडं बिघडलं तर कोणी "मासाच वाईट" असं म्हणत नाही. "माल खराब होता" म्हणतात. हाच न्याय सोयाबीनला का लावायचा नाही?

आणि हा माल येतो कुठून? एक किलो फिशमील करायला साधारण साडेचार किलो ताजी मासळी लागते. जगातला सर्वांत मोठा साठा पेरूच्या अँकोव्हीचा. २०२३ मध्ये समुद्राचं पाणी तापलं, जाळ्यात पिलंच पिलं येऊ लागली, आणि पेरूने उत्तर-मध्य किनाऱ्यावरचा त्या वर्षीचा पहिला हंगाम रद्द केला. त्याचा झटका जगभरच्या खाद्याच्या दरांना बसला. एका समुद्राच्या एका प्रवाहावर सारं जग टांगून ठेवायचं आणि त्याला भरवशाचं अन्न म्हणायचं, हे कसलं व्यवहारज्ञान?

आपल्या किनाऱ्यावर हा हिशेब ताटापर्यंत येतो. कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र या पट्ट्यात फिशमीलचे कारखाने आहेत, आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या मासळीत तारली मोठी. तारली म्हणजे ज्याला पापलेट-सुरमई परवडत नाही त्याचा मासा. केरळात २०१२ मध्ये तारलीची आवक चार लाख टनांच्या घरात होती. २०२१ मध्ये ती ३,२९७ टनांवर आली. या घसरणीत हवामानाचा हात मोठा होता, सगळा दोष मी कारखान्यांवर टाकत नाही. तारली अशीच वरखाली होते. पण जी मासळी अशी वरखाली होते, तिच्या वाईट वर्षातही कारखान्याची भूक तेवढीच असते, आणि मग जाळ्यात जे बारीक-सारीक येईल ते भट्टीकडे जातं. उद्या मोठी होऊन बाजारात आली असती अशी पिलं त्यात असतात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला तो याच काळजीतून. पिलं विकत घेणारा कारखाना दारात उभा असेल तर तो नियम बंदरावर टिकवणं किती अवघड, हे सांगायला नको. अशा वेळी आतड्याच्या आरोग्याचं नाव पुढे करून फिशमीलची मागणी वाढवा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

या वादात मी ज्या बाजूला उभा आहे, तिथेही सगळं ठीक नाही. नॉर्वेचं सोया मोठ्या प्रमाणात ब्राझीलमधून येतं. जंगल तोडून केलेल्या शेतातलं सोया माशाला घालून त्याला शाश्वत म्हणणं फसवणूक आहे. किडे, यीस्ट, सूक्ष्म शैवाल यांचा गाजावाजा इतका, आणि २०२० मध्ये नॉर्वेच्या खाद्यात या सगळ्यांचा मिळून वाटा अवघा ०.४ टक्के. अळ्या वाढवायला खर्च येतो. फ्रान्समधली इन्सेक्ट ही या धंद्यातली बडी कंपनी २०२४ मध्ये घेणेकऱ्यांपासून संरक्षण मागायला न्यायालयात गेली. हे प्रश्न पैशाचे आहेत, आतड्याचे नाहीत, पण म्हणून ते खोटे ठरत नाहीत. वनस्पतींचं तेल वाढलं तसं सालमनमधलं ओमेगा-३ घटलं. स्कॉटलंडच्या सालमनमध्ये २००६ ते २०१५ या काळात ते निम्म्यावर आलं. आणि "आमच्या खाद्याने आतड्यातल्या जीवाणूंची विविधता वाढते" ही जी जाहिरात आता सर्रास दिसते, ती मला सर्वांत जास्त खटकते. खाद्य बदललं की जीवाणू बदलणारच. ते बदलले म्हणजे मासा सुदृढ झाला, हे कोणी सिद्ध केलं? घड्या किती उंच आहेत, दाहाच्या पेशी किती आहेत, रोगाला मासा कसा तोंड देतो, हे दाखवा. मग जीवाणूंचं बोला.

पण याच बाजूला असंही काम झालं आहे, ज्याकडे डोळेझाक करणं अन्याय होईल. नैसर्गिक वायूवर वाढवलेल्या मिथायलोकॉकस जीवाणूंची पूड सोयापेंडीच्या जोडीला दिली तेव्हा सालमनमध्ये सोयाचा दाह झालाच नाही. कॅन्डिडा युटिलिस या यीस्टने आणि क्लोरेला या शैवालानेही दाह रोखला. बेकरीत वापरतात त्या यीस्टने मात्र तो गुण आला नाही. म्हणजे "यीस्ट चांगलं" हेही अर्धंच वाक्य. कुठलं यीस्ट, हे सांगावं लागेल. पर्यायी खाद्य आतड्याचं नुकसान करतं असा सरसकट आरोप करणाऱ्यांसमोर हा पुरावा ठेवा: इथे पर्यायी खाद्यच आतड्याचं रक्षण करत आहे.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा असतो. "तुमचं सूक्ष्मदर्शक ठेवा बाजूला. मासा वाढला की खाद्य चांगलं." वजनकाट्यावर माझाही विश्वास आहे, पण तो उशिरा बोलतो. सौम्य दाह असलेला मासा खात राहतो, वाढत राहतो, थोडा मागे पडतो इतकंच. पाण्यात प्राणवायू कमी झाला, थंडी पडली, एखादा रोग शिरला, की तो आधी जातो, आणि दोष रोगाच्या नावावर लिहिला जातो. आपल्या खाद्याच्या पोत्यावर प्रथिनं, स्निग्धांश, तंतू आणि ओलावा यांचे टक्के छापलेले असतात. ती प्रथिनं फिशमीलची की डीओसीची, धुतलेली की न धुतलेली, कोलीन किती घातलं, ते खाऊन माशाचं आतडं कसं राहिलं, यातलं काही त्यावर नसतं. शेतकऱ्याने ते मागितलं पाहिजे आणि विकणाऱ्याने दाखवलं पाहिजे.

खर्चाची सबब सांगू नका. दहा मासे, त्यांच्या आतड्याचे तुकडे, फॉर्मॅलिनची एक बाटली, आणि काप घेऊन वाचणारा जाणता माणूस, एवढंच लागतं. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ पासून आहे. रत्नागिरीत शिरगावला, नागपूरला आणि लातूर जिल्ह्यात उदगीरला मत्स्यविज्ञानाची महाविद्यालयं आहेत. राज्यात विकल्या जाणाऱ्या खाद्यांचे, एकेका जातीच्या माशाच्या आतड्यावरचे परिणाम या ठिकाणी दरवर्षी तपासून छापता येतील, म्हणजे सालमनच्या नावाने रोहूवाल्याला घाबरवायची सोय कोणाला राहणार नाही. सुरुवात उदगीरपासून करावी. तिथे महाविद्यालयाच्या आजूबाजूची शेतं सोयाबीनचीच आहेत.